वाचकांचे प्रश्न: कॅलिफोर्नियाची युनिव्हर्सिटी एक का दहा?

प्रश्न: माझी भाची म्हणते बर्कली आणि लॉस एंजेलिस या एकाच युनिव्हर्सिटीच्या शाखा आहेत, मी म्हणतो वेगळ्या. कोण बरोबर?

उत्तर: भाची जिंकली! युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया ही एकच संस्था, कॅम्पस दहा, सगळ्यात नवा मर्सेडचा, २००५ चा. पण तुम्हीही अगदीच चूक नाही हं, कारण अ‍ॅडमिशन प्रत्येक कॅम्पस आपापली देतो.

सुरुवात १८६८ ची. त्याआधी १८६२ मध्ये मॉरिल कायदा आला, म्हणजे केंद्र सरकारने राज्यांना जमीन द्यायची, ती विकून शेती आणि इंजिनिअरिंग शिकवणारी कॉलेजं काढायची, कॅलिफोर्नियाला अशी साधारण दीड लाख एकर मिळाली. ती जमीन मुळात आदिवासींकडून घेतलेली होती, हे फार कमी ठिकाणी सांगतात. मुलींना १८७० पासूनच प्रवेश, हे मात्र भारीच.

खरी गंमत १९६० च्या मास्टर प्लॅनमध्ये, म्हणजे राज्याच्या उच्च शिक्षणाच्या आराखड्यात आहे. युनिव्हर्सिटीचे तेव्हाचे प्रेसिडेंट क्लार्क केर, त्यांच्या पुढाकाराने राज्यातल्या सरकारी कॉलेजांना कामं वाटून दिली: शाळा संपवणाऱ्यांपैकी गुणवत्तेत वरची साडेबारा टक्के मुलं या युनिव्हर्सिटीत, रिसर्च आणि पीएचडी मुख्यतः इथेच, वरची एक तृतीयांश स्टेट कॉलेजांत आणि कम्युनिटी कॉलेजचं दार सगळ्यांना उघडं, तिथे दोन वर्षं काढून पुढे इकडे ट्रान्सफर घेता येतो. राज्यातल्या मुलांना ट्यूशन फी नाही असंही ठरलं होतं, ते काही टिकलं नाही, फी वाढतच गेली.