फिल्म कॅमेऱ्याने घोडेमोडणीतली (लाकडी घोडा कमरेला बांधून केला जाणारा गोव्याचा लोकनृत्यप्रकार) गती फोटोत कशी दाखवावी?

शटर १/१५ सेकंदावर ठेवा आणि नर्तकाच्या वेगाने कॅमेरा आडवा फिरवत क्लिक करा. क्लिक झाल्यावरही फिरवणं थांबवू नका. लाकडी घोड्याचं तोंड ओळखू येतं आणि मागची गर्दी रेघांसारखी पसरते. मला तरी हेच घोडेमोडणीचं खरं चित्र वाटतं.

अडचण उन्हाची. गोव्यातल्या डिचोली-सत्तरीत शिगम्याच्या (तिथल्या होळीच्या सणाच्या) दिवसांत कडक ऊन असेल तर १०० आयएसओच्या (प्रकाशाला कमी संवेदनशील) फिल्मला एफ/१६ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र बरंच लहान करूनही, साधारण १/१२५ लागतो. तीन स्टॉपचा एनडी फिल्टर (प्रकाश आठपट कमी करणारी करडी काच) लावला की १/१५ मिळतो. ४०० ची जास्त संवेदनशील फिल्म रात्रीसाठी राखून ठेवा.

रात्री फ्लॅश वापरणार असाल तर एक लक्षात घ्या: बहुतेक जुन्या कॅमेऱ्यांत शटर उघडताच फ्लॅश उडतो, त्यामुळे हालचालीची रेघ नर्तकाच्या मागे न येता पुढे येते. तो कॅमेऱ्याच्या दिशेने येत असताना घेतलात तर हे खटकत नाही.

ट्रायपॉडवर शिगम्याच्या चित्ररथांचे दिवे टिपताना प्रकाश मोजणाऱ्या मीटरवर विसंबू नका; शटर बराच वेळ उघडं राहिलं की फिल्मची संवेदनशीलता घटते. ट्राय-एक्सला (कोडॅकची ४०० ची कृष्णधवल फिल्म) मीटरने १० सेकंद सांगितले, तर कोडॅकच्या तक्त्याप्रमाणे ५० सेकंद द्यावे लागतात.