आईबाबांना घेऊन पॅरिसहून एका दिवसात रेल्वेने शँपेनचे द्राक्षमळे पाहून येता येईल का?

तुम्ही लिहिलंय की जूनमध्ये पॅरिसला चार दिवस आहात, एक दिवस द्राक्षमळ्यांसाठी ठेवायचाय, गाडी भाड्याने घ्यायची नाही. आईचे गुडघे दुखतात आणि ती वाइन घेत नाही. तरीही खुशाल जा. मी पॅरिसला राहते आणि माझ्या आईला याच वाटेने नेऊन आणलंय.

शँपेन प्रदेशात पाहण्याजोगी दोन गावं आहेत, रँस आणि एपर्ने. बहुतेक लोक आधी रँसला जायला सांगतात. मी उलट सांगेन: सकाळी एपर्ने, संध्याकाळी रँस. कारण शेवटी सांगते.

पॅरिसच्या गार द लेस्त स्टेशनवरून एपर्नेला थेट टीईआर गाडी जाते, सव्वा तासाच्या आसपास. ही साधी प्रादेशिक गाडी, हिला जागा राखून ठेवावी लागत नाही. शातो-तिएरी हे गाव मागे पडलं की मार्न नदीकाठच्या उतारांवर द्राक्षांच्या ओळी दिसू लागतात. तेव्हा आईला खिडकीशी बसवा. नाशिककडचे मांडवावरचे मळे पाहिलेल्या माणसाला ही कमरेएवढी, अगदी जवळजवळ लावलेली रोपं पाहून नवल वाटतं.

एपर्ने स्टेशनपासून ‘अव्हेन्यू द शाँपाञ’ दहा मिनिटांवर आहे. रस्त्याच्या दोन्ही अंगांना शँपेन बनवणाऱ्या मोठमोठ्या घराण्यांचे वाडे, आणि पायाखाली शंभर किलोमीटरहून जास्त तळघरं, सगळी खडूच्या दगडात खोदलेली. आत उन्हाळ्यातही दहा-बारा अंश तापमान असतं, म्हणून जून असला तरी स्वेटर न्या. आईसाठी शालही.

तळघर एकच पाहा. गुडघ्यांचा विचार करता मी याच रस्त्यावरच्या मेर्सिए घराण्याचं निवडेन: लिफ्टने खाली उतरवतात आणि छोट्या रेल्वेत बसवून फिरवतात. रँसच्या पोमेरी घराण्याच्या तळघरात मात्र ११६ पायऱ्या आहेत, त्या परत चढायच्याही असतात. मेर्सिएचं मोठं लाकडी पिंप तर बघण्यासारखं आहे. दोन लाख बाटल्यांचा माल मावेल एवढं ते पिंप १८८९च्या पॅरिस प्रदर्शनासाठी चोवीस बैल जुंपून नेलं होतं. आमच्या आईला वाइनपेक्षा बैलांच्या गोष्टीतच जास्त रस होता, आणि मलाही तीच आठवते. वाइन न घेणाऱ्यालाही इथे पाहायला भरपूर आहे. शँपेन बाटलीतच दुसऱ्यांदा आंबते, त्यातूनच बुडबुडे येतात. साधी शँपेनसुद्धा बाटलीत भरल्यापासून किमान पंधरा महिने तळघरात ठेवल्याशिवाय विकता येत नाही. हे समजून घेत अंधाऱ्या बोगद्यातून जाताना एक वेगळीच शांतता जाणवते.

आधी तळघराची वेळ ऑनलाइन नक्की करा, मगच परतीचं तिकीट काढा. इंग्रजीतल्या फेरीच्या वेळा मोजक्याच असतात. रविवार-सोमवारी बरंच बंद असतं, तेव्हा मधला वार धरा.

जेवणाचं आधीच ठरवा. दुपारी दोननंतर बहुतेक उपाहारगृहांची स्वयंपाकघरं बंद होतात. शाकाहारी असाल तर दशम्या आणि चटणी बरोबर घ्या. नगरपालिकेच्या इमारतीची बाग याच रस्त्याच्या तोंडाशी आहे, तिथे सावलीत निवांत बसता येतं.

मग एपर्नेहून रँसची टीईआर धरा, अर्ध्या तासाची. ती द्राक्षमळे आणि जंगलाच्या टेकड्यांतून जाते. रँसच्या कॅथेड्रलचं तोंड पश्चिमेला आहे, त्यामुळे उतरत्या उन्हात अख्खा दर्शनी भाग सोनेरी दिसतो. सकाळी तोच सावलीत असतो. म्हणून हा क्रम. इथे फ्रान्सच्या राजांचे राज्याभिषेक होत. १४२९मध्ये सातव्या चार्ल्सच्या राज्याभिषेकाच्या वेळी फ्रेंच वीरांगना जोन ऑफ आर्क इथे हजर होती. डावीकडच्या दारात हसरा देवदूत शोधा. १९१४च्या तोफमाऱ्यात त्याचं डोकं तुटून पडलं होतं, ते नंतर जोडलं. आत चित्रकार मार्क शगालच्या निळ्या रंगीत काचांच्या खिडक्या आहेत, त्यासाठी अर्धा तास हवाच.

परतीला टीजीव्ही ही अतिवेगवान गाडी पाऊण तासात पॅरिसला पोचवते. तिला आरक्षण सक्तीचं आहे आणि उशीर केला की दर चढतात. तिकीट काढताना स्टेशनचं नाव नीट वाचा. ‘शाँपाञ-आर्देन टीजीव्ही’ हे स्टेशन गावाबाहेर बेझानला आहे; पहिल्या खेपेला मी तिथलं तिकीट काढलं आणि थकलेल्या आईला घेऊन ट्रामने गेले. तुम्हाला ‘रँस’ एवढंच नाव असलेलं, कॅथेड्रलपासून पायी पंधरा मिनिटांवरचं स्टेशन हवं.