मनीच्या पोटात दुखत नाहीये

प्रश्न: आमची मांजरी मनी सात महिन्यांची आहे. मागे आठवडाभर रात्ररात्र ओरडत होती, फरशीवर लोळत होती. पोट दुखतंय असं वाटून तापाची गोळी देणार होतो, तोवर आपोआप शांत झाली. आता पंधरा दिवसांत पुन्हा तेच. रक्त मात्र कुठे दिसलं नाही. (वाचक, डोंबिवली)

उत्तर: गोळी दिली नाहीत हे फार बरं केलंत. माणसाची पॅरासिटामॉल मांजराला विष ठरते. एका गोळीनेही जीव जाऊ शकतो.

मनी माजावर आली आहे. तिच्या पाठीवरून शेपटीच्या मुळापर्यंत हात फिरवून पाहा. छाती जमिनीला टेकवून ती मागचा भाग उचलेल, शेपूट बाजूला घेईल आणि मागचे पाय जागच्या जागी तुडवायला लागेल. दुखणारं मांजर सहसा कोपऱ्यात आखडून बसतं, हात लावू देत नाही. कुत्रीसारखं रक्त मांजरीला जात नाही. गेलं, किंवा घाण वासाचा स्राव दिसला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आता पुन्हा का? मांजरीचं बीज सहसा आपोआप सुटत नाही, ते बोका लागल्यावरच सुटतं. बोका तिची मानगूट दातात धरतो. त्याच्या लिंगावर बारीक काटे असतात. तो सुटताना ती किंचाळते, त्याला पंजा मारते आणि गडबडा लोळते. गच्चीवरची ती ‘मारामारी’ पुष्कळदा हीच असते. या उत्तेजनाने मेंदूकडून संप्रेरक सुटतं आणि साधारण एक-दोन दिवसांत बीजं बाहेर पडतात. एका खेपेत भागतंच असं नाही, म्हणून दिवसात अनेक खेपा होतात. बोका मिळालाच नाही तर आठवडाभरात माज ओसरतो आणि दोन-तीन आठवड्यांनी परत येतो. थंड देशांत हिवाळ्यात दिवस लहान झाला की हे चक्र थांबतं. आपल्याकडे दिवस तेवढा लहान होत नाही, त्यात घरातली ट्यूबलाइट रात्री अकरापर्यंत चालू!

प्रश्न: माजावर असताना मांजरी खिडकीतून निसटली, दोन दिवसांनी परतली. माज थांबवायचं इंजेक्शन द्यावं का? नसबंदीच्या ऑपरेशनआधी एकदा पिल्लं होऊ द्यावीत, असं शेजारी म्हणतात. (वाचक, सांगली)

उत्तर: इंजेक्शन नको. त्याने गर्भाशयात पू होणं, स्तनात गाठी, मधुमेह असे धोके वाढतात, आणि ती आता गाभण असू शकते. तीनेक आठवड्यांनी स्तनाग्रं गुलाबी होऊन फुगतात. पंचविसाव्या दिवसानंतर सोनोग्राफीत कळतं. व्यायला साधारण 63 ते 65 दिवस लागतात. एकाच वेतातल्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात, म्हणून काळं-पांढरं-पिवळं बघून चकित होऊ नका. पिल्लं नको असतील तर डॉक्टरांना आत्ताच गाठा. गाभणपणाच्या सुरुवातीला नसबंदी करता येते.

शेजाऱ्यांच्या म्हणण्याला आधार नाही. उलट पहिल्या माजाआधी, पाच महिन्यांच्या आत ऑपरेशन झालं तर स्तनाच्या कॅन्सरचा धोका खूप कमी होतो. पिल्लं ठेवलीत तर ती अंगावर पीत असतानाही मांजरी पुन्हा माजावर येऊ शकते, तेव्हा खिडकीला जाळी आधी लावा. घरात बोका असेल तर त्याची नसबंदी झाल्यावरही महिना-दीड महिना दोघांना वेगळं ठेवा, कारण आधीचं वीर्य तेवढे दिवस शिल्लक असतं. आणि ऑपरेशन झालेली मांजरी पुढे कधी अशीच लोळू-ओरडू लागली, तर अंडाशयाचा तुकडा आत राहिल्याची शक्यता असते. ती लक्षणं चालू असतानाच तिला दाखवा.