जावयांच्या वॉकीटॉकीला परवाना लागतो का?

प्रश्न: मुलगी अमेरिकेत असते. कॅम्पिंगसाठी जावयांनी वॉकीटॉकीची जोडी घेतली. परवाना काढावा लागेल का?

उत्तर: आधी संचावरचं लेबल वाचायला सांगा. 'एफआरएस' (कमी ताकदीची कौटुंबिक रेडिओ सेवा) असेल तर परवाना नको. मात्र ताकद जास्तीत जास्त २ वॉट, ८ ते १४ या चॅनेलांवर तर अर्धा वॉटच, आणि अँटेना बदलायची नाही. 'जीएमआरएस' (जास्त ताकदीची रेडिओ सेवा) असेल तर एफसीसीचा, म्हणजे अमेरिकेच्या दूरसंचार नियामक संस्थेचा, परवाना हवाच. परीक्षा नसते, शुल्क ३५ डॉलर, मुदत १० वर्षं, आणि एकाच परवान्यात जवळचं कुटुंब येतं. खोक्यावर छापलेल्या मैलांवर विसंबू नका हो, दाट झाडीत माझा संच मैलभरातच मुका झाला होता! आणि सुट्टीला येताना ही जोडी तिथेच ठेवू द्या. भारतात परवान्यातून सूट आहे ती ४४६ मेगाहर्ट्झच्या संचांना. हे ४६२ आणि ४६७ वर चालतात.