मामा म्हणतात सर्व्हर सांभाळणं म्हणजे वॉचमनचं काम

ताई नमस्कार,

पत्र मिळालं. मुलगा बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स झालाय, खराडीत इन्फ्रा सपोर्टची ऑफर आहे, काम व्हर्च्युअलायझेशनचे होस्ट सर्व्हर सांभाळायचं, शिफ्ट फिरती, आणि त्याचे मामा म्हणतायत की हे वॉचमनचं काम, त्यापेक्षा कोडिंगचा क्लास लावा. मामा स्वतः आयटीत आहेत का ते तुम्ही लिहिलं नाहीत, असो.

मी या मार्गदर्शनात यायच्या आधी हेच काम केलंय. होस्ट म्हणजे एक दणकट मशीन, त्यावर हायपरवायझर, म्हणजे एका मशीनची अनेक करून देणारं सॉफ्टवेअर, टाकलेला आणि त्याच्या जिवावर वीस-पंचवीस व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने बनवलेले कॉम्प्युटर, चालतात. सदाशिव पेठेतला जुना वाडा आणि त्यातली बिऱ्हाडं समजा. आता वाड्याची कौलं शाकारायचीयत पण एकाही बिऱ्हाडाचा गॅस विझता कामा नये, म्हणून आधी सगळ्यांना चालू अवस्थेतच शेजारच्या होस्टवर हलवायचं, हा होस्ट मेंटेनन्स मोडला टाकायचा, पॅच म्हणजे सॉफ्टवेअरची दुरुस्ती मारायची, रीस्टार्ट करायचा, मग परत आणायचं. बटण एकच असतं हो, डोकं त्याच्या आधी लागतं. तीन होस्ट आहेत आणि तिन्हींची मेमरी ८० टक्के भरलीय तर एक रिकामा करून त्यावरचं ठेवणार कुठे? प्रत्येकाची मेमरी ६५ टक्क्यांच्या वर जाऊ द्यायची नाही हे मॅनेजरला आधीच पटवावं लागतं, आणि ते पटत नाही. एका होस्टचा प्रोसेसर इंटेलचा न दुसऱ्याचा एएमडीचा असला तर चालू मशीन सहसा हलवता येत नाही, बंद करूनच न्यावी लागते.

माझ्या हातून एकदा रात्री दोनला ०३ ऐवजी ०८ नंबरच्या होस्टला रिमोट कन्सोलवरून रीसेट बसला, नावं सारखी आणि डोळ्यावर झोप. हाय अव्हेलेबिलिटी, म्हणजे होस्ट पडला की मशीन दुसरीकडे सुरू करणारी सोय, होती म्हणून मशीन दुसऱ्या होस्टवर आपोआप उठल्या, पण उठल्या म्हणजे आधी धाडकन बंद पडूनच ना, डेटाबेस सावरेपर्यंत पाऊण तास गेला. वॉचमनला डुलकी लागली तर एवढं होत नाही.

क्लाउड आल्यावर हे राहील का, हा तुमचा प्रश्न बरोबर आहे. मायक्रोसॉफ्टच्या अझूर या क्लाउडचं सेंट्रल इंडिया रीजन, म्हणजे डेटा सेंटरचं ठिकाण, आपल्या पुण्यातच आहे, तिथेही खाली होस्टच आहेत, फक्त एवढ्या मशीनना माणसं फार कमी लागतात. पण नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर ही हायपरवायझर बनवणारी कंपनी घेतली, कायमची लायसन्स विकणं बंद करून सबस्क्रिप्शन आणलं, तेव्हापासून बऱ्याच कंपन्या प्रॉक्समॉक्स, हायपर-व्ही, न्यूटॅनिक्स अशा दुसऱ्या पर्यायांकडे बघतायत आणि जुन्यावरून नव्यावर मशीन नेणारा माणूस लागतोच. म्हणून घ्या ऑफर, पण एल-वनला, म्हणजे सपोर्टच्या पहिल्या पायरीवर, नुसती तिकिटं म्हणजे तक्रारींच्या नोंदी बंद करत दोनपेक्षा जास्त वर्षं नको, तोवर लिनक्स, व्हीलॅन (एका नेटवर्कचे वेगळे भाग पाडणं), स्टोरेज आणि कामं आपोआप करून घ्यायला पॉवरशेल किंवा अ‍ॅन्सिबल यायला हवं.

क्लासला हजारो रुपये घालू नका. ऑफिसातून निघालेले जुने डेस्कटॉप घ्या दोन, १६ जीबी रॅमचे, बायॉसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, व्हर्च्युअलायझेशन चालू करा आणि प्रॉक्समॉक्स टाका, ते फुकट आहे. दोघांचं क्लस्टर म्हणजे जोडगट करून एक बंद केला की दुसरा कोरम, म्हणजे मतांचं बहुमत, नाही म्हणून रुसून बसतो, नवीन मशीन सुरूच करू देत नाही. तिसरं मत का लागतं ते त्याला तिथे स्वतःलाच शोधू दे, तुम्ही फक्त लाइट बिलावरून ओरडू नका.

जॉइन व्हायच्या आधी त्याने एवढं विचारावं की होस्टच्या मेंटेनन्सला एल-वनला हात लावू देतात की नुसतं बघत बसवतात. आणि नाइट शिफ्टला कॅब आहे का ते ईमेलवर लेखी घ्या, रात्री तीनला खराडीहून धायरीला बाइकवर यायचं म्हणजे मला तरी बरं वाटत नाही.