फिटच्या गोळीमुळे छातीत पाणी होऊ शकतं का?

हो, होऊ शकतं. तुमच्या आईच्या रिपोर्टमध्ये छातीतल्या पाण्यात इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) ३२ टक्के आलेत. १० टक्के किंवा जास्त असले की त्याला इओसिनोफिलिक प्ल्युरल इफ्यूजन (फुफ्फुसाभोवती साठलेलं, या पेशी जास्त असलेलं पाणी) म्हणतात. त्या फिटसाठी घेतात त्या व्हॅल्प्रोएटच्या गोळीमुळे असं झाल्याच्या नोंदी आहेत. डॅन्ट्रोलीन (स्नायू सैल करणारं औषध), नायट्रोफ्युरँटोइन (लघवीच्या इन्फेक्शनचं औषध) यांच्यामुळेही होतं.

मुंबईत छातीत पाणी म्हटलं की आधी टीबी बघतात, आणि ते बरोबरच आहे. टीबीत बहुधा लिम्फोसाइट (दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी) वाढतात, पण इओसिनोफिल दिसले म्हणून टीबी किंवा कॅन्सर नाहीच असं धरून चालू नका. आधी एकदा सुईने पाणी काढलं होतं का? तेव्हा आत हवा किंवा रक्त गेलं तरी या पेशी वाढतात. डॉक्टरांना हे आवर्जून सांगा.

कळकळीने सांगतो, गोळी मनाने बंद करू नका. अचानक थांबवली तर फिट्सवर फिट्स येऊ शकतात. न्यूरोलॉजिस्ट दुसरं औषध सुरू करून ही हळूहळू कमी करतील. कारण गोळीच असेल तर पाणी बहुतेकदा काही आठवड्यांत, कधी महिन्यांत ओसरतं. क्वचित स्टिरॉइड लागतं.

ओपीडीत जाताना घरातली सगळी औषधं, वैद्यांच्या पुड्यासुद्धा, एका पिशवीत घालून न्या. कुठली गोळी कधी सुरू झाली ती तारीख पाकिटावरच पेनाने लिहा.