तक्त्यात नसलेलं शहर

“मोठं शहर सोडायचं हे नक्की आहे, पण कुठे जायचं तेच ठरत नाहीये.” समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या, लहान मुलं असलेल्या जोडप्यांकडून हे इतक्यांदा ऐकलंय, की पुढचं वाक्यही आता पाठ झालंय : “तुम्हीच सांगा, निवडायचं कसं?” कारणंही साधारण तीच असतात. घर लहान आणि भाडं मोठं. प्रवासातच अर्धा दिवस जातो, आई किंवा बाबा घरी पोचेपर्यंत मूल झोपलेलं असतं. लहान शहर हवं हे दोघांनाही पटलेलं असतं, तरी वर्ष-दीड वर्ष गाडी रुतलेली ती रुतलेलीच.

पुढे येणारं जोडपं कुणी एक नाही. अनेकांचे तुकडे जोडून ते तयार झालंय आणि बरीच सत्रं चार-पाच संवादांत बसवली आहेत.

दोघं तिशीतली. मुलगी चार वर्षांची, मुलगा आठ महिन्यांचा. बसल्या बसल्या त्याने लॅपटॉप उघडला. एक्सेलमध्ये अकरा शहरं, तेवीस रकाने आणि प्रत्येक रकान्याला त्याच्या महत्त्वानुसार गुण. काम नेटकं होतं, तसं मी म्हटलंही.

“मग पहिलं कोण येतं?”

“दर महिन्याला वेगळं,” तो म्हणाला. “नवा रकाना आला की बेरीज बदलते.”

“नवे रकाने कोण घालतं?”

तो गप्प झाला. ती म्हणाली, “मीच. बहुतेक वेळा मीच.”

त्याच्या मते तिला निर्णय घेताच येत नाही. तिच्या मते त्याला सगळ्याचीच घाई. या मुद्द्यावर त्यांची इतकी भांडणं झाली होती, की प्रत्येकाला दुसऱ्याचं पुढचं वाक्य माहीत असायचं. माझी पद्धत कुटुंबाकडे एक सलग घडण म्हणून पाहण्याची आहे. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ मरे बोवेन यांनी १९५०च्या दशकात रुग्णाबरोबर अख्खं कुटुंब रुग्णालयात राहायला ठेवून निरीक्षणं केली. दोघांमधला ताण असह्य झाला की ती दोघं तिसऱ्याला मधे ओढतात, हे त्यांनी मांडलं. तो तिसरा बहुधा मूल असतं किंवा सासू. इथे तो तक्ता होता.

मी त्यांना एकच काम दिलं : फाइलच्या जुन्या आवृत्त्या उघडायच्या आणि कुठला रकाना कोणत्या दिवशी आला ते लिहून आणायचं. पुढच्या वेळी त्याने यादी आणली. शेवटचे सहा रकाने, पाण्याचा कठीणपणा, ग्रंथालय, विमानतळाचं अंतर वगैरे, प्रत्येक वेळी एखादं शहर ठामपणे पहिलं आल्यावर आठवड्याच्या आत वाढले होते.

“बघा,” तो म्हणाला, “मुद्दाम करते.”

मला त्यात मुद्दामपणा दिसला नाही. तो ब्रेक होता. तो का दाबावा लागतोय, हे कुणी विचारलं नव्हतं. तिने स्वतःलाही नाही.

चौथ्या सत्रात मी विचारलं, “आत्ता तुम्ही राहता ते शहर या तक्त्यात कितव्या ओळीत आहे?”

“ते कशाला?” तो म्हणाला. “ते तर सोडायचंच आहे.”

“तरी घाला.”

त्याने तिथेच बारावी ओळ भरली. भाडं, प्रवास, हवा, सगळीकडे कमी गुण. शाळा आणि नोकऱ्यांमध्ये बरे. बेरजेत ते नववं आलं. त्याला हायसं वाटलं असावं. ती मात्र स्क्रीनकडे पाहत राहिली आणि मग म्हणाली, “एक रकाना राहिलाय.”

“कुठला?”

“आई.”

तिची आई एकटी, दोन गल्ल्या पलीकडे राहते. रोज संध्याकाळी दीड तास येऊन धाकट्याला घेऊन बसते. तेवढ्या दीड तासात ही अंघोळ करते, फोन करते, मुलीला खाली खेळायला नेते.

तो गोंधळला. “पण त्या रकान्यात अकराही शहरांना शून्यच पडेल ना? मग निवडीत फरक काय पडणार?”

“निवडीत नाही पडणार. मला तो शून्य लिहिलेला दिसायला हवा होता.”

बराच वेळ कुणी बोललं नाही. त्याने रकाना घातला, वर ‘आई’ लिहिलं आणि अकरा शून्यं एकेक करून टाइप केली. खाली ओढून भरता आली असती, पण त्याने तसं केलं नाही. मग म्हणाला, “मला वाटत होतं, आईंचं तू मनाशी ठरवून टाकलंयस. म्हणून मी विषयच काढला नाही.” ती रडली, आणि रडता रडता तिला थोडं हसूही आलं. ज्या शून्यासाठी वर्षभर भांडणं झाली, ते टाइप करायला अर्धं मिनिटही लागलं नव्हतं.

गणितात तो चुकला नव्हता. तुलनेच्या तक्त्यात जे सगळ्यांना सारखं, ते गळून पडतं. फरक उरतो तेवढाच दिसतो. घर सोडताना मात्र सगळ्यात मोठी हानी नेमकी सगळ्या पर्यायांना सारखी असते. ती कुठल्याच रकान्यात येत नाही, मग दुसऱ्या रकान्यांतून डोकावत राहते. त्या दिवसानंतर तिने एकही रकाना वाढवला नाही. तेवीसचे सहा झाले, तेही तिनेच केले. माझ्याकडे आलेल्या पुष्कळ जोडप्यांना आता मी पहिल्याच भेटीत ती बारावी ओळ भरायला लावते. कुणाच्या ‘आई’च्या जागी जुनी मैत्रीण असते, कुणाच्या जागी मुलं सांभाळणाऱ्या बाई, कुणाच्या जागी कामावर कमावलेलं नाव.

शून्य दिसल्यावर त्याचं काय करायचं ते ठरवता येतं. दूर गेल्याने नात्यातला गुंता सुटतो असं अनेकांना वाटतं. बोवेन यांचं म्हणणं उलट होतं, आणि माझा अनुभवही तसाच आहे. म्हणून ‘येत-जात राहू’ एवढ्यावर मी थांबत नाही. कुठल्या महिन्यात, कोण कुणाकडे, किती दिवस, प्रवासाचा खर्च महिन्याच्या हिशेबात कुठे धरलाय, हे कागदावर लिहून घेते. आणि हो, आईला विचारा. या घरात तिला कुणी विचारलंच नव्हतं. तिचं उत्तर होतं, “कायमची नाही येणार. पण मुलीची शाळा सुरू होईल तेव्हाचे पंधरा दिवस माझे.”

आता उरलेले सहा रकाने. यात शहर कसं आहे यापेक्षा तिथला तुमचा मंगळवार कसा जाईल, हे पाहायचं. सुट्टीत पाहिलेलं शहर आणि राहायचं शहर यांत फार अंतर असतं. संशोधक डॅनिएल काहनमन आणि डेव्हिड श्केड यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेतल्या आणि दक्षिण कॅलिफोर्नियातल्या विद्यार्थ्यांना विचारलं होतं. छान हवेमुळे कॅलिफोर्नियाची माणसं जास्त समाधानी असतील, असं दोन्हीकडच्यांना वाटत होतं. प्रत्यक्षात आयुष्याबद्दलचं समाधान दोन्हीकडे जवळजवळ सारखंच निघालं. दुरून डोंगर साजरे, आणि डोंगरावर राहायला गेलात तरी डबा भरायचा राहतोच. म्हणून हवेच्या रकान्याला गुण देताना हात आखडता ठेवा.

यादी दोन-तीन शहरांवर आली की तिथे किमान सात दिवस राहा. पाच दिवस कामाचे हवेत आणि ऋतू त्या जागेचा सगळ्यात वाईट. हॉटेलमध्ये नको, जिथे भाड्याने घर घ्याल त्या भागात एखादी खोली घ्या. तिथून नेहमीचं काम करा, मुलं बरोबर न्या. शाळा दाखवायला नेतात तेव्हा पाहू नका, सुटताना फाटकापाशी उभं राहून पाहा. शाळेला तीन प्रश्न विचारा : वर्षाच्या मधे प्रवेश मिळतो का, वर्गात किती मुलं आहेत, गेल्या वर्षात किती शिक्षक सोडून गेले. संध्याकाळी साडेपाचला मैदानात जाऊन बसा. तिथे तुमच्या मुलांच्या वयाची मुलं नसतील तर ती कुठे असतात ते शोधा.

दुसरी कसोटी तापाची. रात्री दोन वाजता बाळाला ताप चढलाय आणि ते दूध घेत नाहीये, असं समजा. रात्रभर उघडा असणारा तातडीचा विभाग किती मिनिटांवर आहे? तिथे रात्री बालरोगतज्ज्ञ हजर असतो की फोन केल्यावर घरून येतो? मोठ्या मुलाला त्या वेळी कुणापाशी ठेवणार? या तिसऱ्या प्रश्नावर बहुतेक जण अडतात.

नोकरीचा रकाना जिथे फसतो ती जागा ठरलेली आहे. एकाची नोकरी पक्की असते आणि दुसरीचं ‘तिकडे गेल्यावर बघू’ असतं. लहान शहरात एखाद्या क्षेत्रात काम देणारे दोन-तीनच असू शकतात. पाऊण तासाच्या अंतरात दोघांच्याही कामाचे निदान तीन मालक आहेत का, मोजा. घरून काम असेल तर ती मुभा लेखी घ्या; तोंडी परवानगी देणारा साहेब बदलला की परवानगीही जाते. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचं इंटरनेट आणि वीज गेल्यावरची सोय जाण्याआधी तपासा.

पैशांबाबत थोडक्यात : भाड्यात वाचलेली रक्कम पुष्कळदा दुसऱ्या वाहनात जाते, कारण सार्वजनिक वाहतूक विरळ असते. हिशेब घराच्या महिन्याच्या एकूण खर्चाचा करा, एकट्या भाड्याचा नको. महिनाभर दोन्हीकडचं भाडं आणि निदान सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला हवा. पहिलं वर्ष घर विकत घेऊ नका, जुनं असेल तर विकू नका. परतीची वाट उघडी असेल तर माणसं नव्या जागी जास्त धीराने रुजतात, हे मी वारंवार पाहिलंय.

ओळखी. इथे अपेक्षा फार चुकतात. संशोधक जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नुकतंच गाव बदललेल्या ३५५ जणांकडून माहिती घेतली. नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला अंदाजे ५० तास, मित्र म्हणावं इतकं व्हायला ९०, जिवलग व्हायला २०० हून जास्त तास एकत्र जातात, असा त्यांचा निष्कर्ष. आठवड्याला दोन तास धरले तर पहिला टप्पा सहा महिन्यांचा आणि शेवटचा दोन वर्षांचा. म्हणजे चौथ्या महिन्यात ‘इथे आपलं कुणी नाही’ असं वाटलं, तर शहर चुकलं असं समजायचं कारण नाही. मात्र ते दोन तास आपोआप येत नाहीत. घरी राहणाऱ्या जोडीदारासाठी दर आठवड्याला त्याच वेळी, त्याच माणसांबरोबर असं काहीतरी पहिल्याच महिन्यात ठरवा आणि त्या वेळी मुलं दुसऱ्या जोडीदाराने सांभाळावीत.

बदलांची मोळी बांधू नका, हेही सांगते. मनोविकारतज्ज्ञ थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे यांनी १९६७ मध्ये आयुष्यातल्या ४३ घटनांना ताणाचे गुण दिले. जोडीदाराच्या मृत्यूला १००, लग्नाला ५० आणि घर बदलण्याला फक्त २०. पण त्याच यादीत वेगळ्या प्रकारच्या कामाला ३६, राहणीमानातल्या बदलाला २५, शाळा बदलण्याला २०, सामाजिक वावरातल्या बदलाला १८ आहेत. घरामागून हे सगळं रांगेने येतं. त्यातलं जे पुढे ढकलता येईल ते तीन महिने ढकला. मुलीची लंगोट सोडवणं, बाळाचं स्तनपान थांबवणं, नवा पलंग, यांतलं काहीही स्थलांतराच्या महिन्यात नको.

चार वर्षांच्या मुलीला दोन-तीन आठवडे आधी सांगणं पुरतं. सहा महिने आधी सांगितलं तर ती रोज ‘उद्या जायचं?’ विचारते. या वयात मुलं घडणाऱ्या गोष्टींचं कारण स्वतःत शोधतात, म्हणून ‘तू काही केलंस म्हणून नाही’ हे स्पष्ट शब्दांत सांगा, दोनदा सांगा. तिची जुनी चादर धुऊ नका, वास ओळखीचा राहू दे. नव्या घरात तिची खोली पहिली लावा, स्वयंपाकघर दुसरं. काही आठवडे अंथरूण ओलं होणं, बिलगून राहणं, बोबडं बोलणं परत येतं. दोन-तीन महिन्यांत ओसरलं नाही किंवा खाणं-झोपणं फारच बिघडलं, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

या जोडप्याने बेरजेत चौथं आलेलं शहर निवडलं. तिथून आईकडे थेट रेल्वे होती, रात्री बसलं की सकाळी दारात. अकरा महिन्यांसाठी भाड्याने घर घेतलं. शेवटच्या सत्रात आम्ही एक तारीख ठरवली, जाण्यापासून दहा महिन्यांनंतरची. त्या दिवशी मुलांना आईपाशी ठेवून, दिवसाउजेडी, दोघांनी बसून बोलायचं : राहायचं की परतायचं. तोवर ‘परत जाऊ या’ हे म्हणायची मुभा आहे, ऐकून घ्यायचं, पण त्यावर वाद घालायचा नाही. विशेषतः रात्री नऊनंतर. त्याने ती तारीख त्याच तक्त्यात, बाराव्या ओळीच्या शेवटी टाकली. ती यायला अजून चार महिने आहेत.